पंचवीस वर्षांनी तीच गाणी परत रेकॉर्ड करायची का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. पुण्यातला बँड, १९९८ साली एकच अल्बम, कॅसेट निघाली, कॉलेजांमधे बऱ्यापैकी वाजली, मग सगळे नोकरीधंद्याला लागले. मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कंपनीकडे आणि कंपनी आता फोन उचलत नाही. चौघं पन्नाशीला टेकलेत, ड्रमर न्यू जर्सीला असतो. आता त्यातली सहा गाणी परत रेकॉर्ड करून स्ट्रीमिंगवर टाकायची आहेत. विचारलंय की मोठमोठे रॉक बँड हे का करतात, त्यांचं नवीन व्हर्जन ऐकताना दरवेळी काहीतरी हुकल्यासारखं का वाटतं, आणि आम्ही करावं का.

मी २६ वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय, त्यात जुनं गाणं परत बनवायचं काम तीन बँडसाठी केलंय आणि त्यातल्या दोन वेळा तोंडावर आपटलोय, त्यामुळे जे सांगतोय ते आपटून शिकलेलं आहे असं समजा.

का करतात ते आधी. बहुतेक वेळा पैसा आणि हक्क, कलेची ओढ वगैरे नंतर. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात, एक म्हणजे गाणं स्वतः, शब्द आणि चाल, आणि दुसरी म्हणजे त्या दिवशी स्टुडिओत टेपवर उतरलेलं ते ठराविक रेकॉर्डिंग, ज्याला आपण मास्टर म्हणतो. मास्टर सहसा कंपनीचं. पण तेच गाणं बँडने नव्याने वाजवलं तर नवीन मास्टर तयार होतं आणि ते बँडचं. सिनेमावाल्याला किंवा जाहिरातवाल्याला गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात, गाण्याची आणि मास्टरची, आणि नवीन मास्टर हातात असलं की दुसऱ्या परवानगीसाठी कंपनीच्या दारात जावं लागत नाही. टेलर स्विफ्टने २०२१ पासून हेच केलं म्हणून आता घराघरात माहितीये, पण रॉकवाले तिच्या कितीतरी आधीपासून करतायत.

सगळ्यात मजेशीर केस माझ्या मते डेफ लेपर्डची. शेफिल्डचा बँड. डिजिटल विक्रीत आपल्याला किती मिळायचं यावरून त्यांचं कंपनीशी वाजलं, आणि करार असा होता की बँडच्या होकाराशिवाय कंपनीला ती गाणी डिजिटलवर टाकता येत नव्हती. बँडने होकार दिलाच नाही, आणि २०१२ मधे स्वतःचीच दोन गाजलेली गाणी, एक १९८३ च्या अल्बममधलं आणि एक १९८७ च्या 'हिस्टेरिया'मधलं, जशीच्या तशी परत रेकॉर्ड करून स्वतः विकायला काढली. गायक जो इलियटने त्यांना स्वतःच 'फोर्जरी' म्हटलं, म्हणजे सरळ सरळ बनावट. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो, कारण आम्ही गाण्याला नवीन दृष्टी दिली वगैरे भंकस त्याने केली नाही, नोट छापतोय तर नोट छापतोय म्हणाला. पुढे तडजोड झाली आणि जानेवारी २०१८ मधे मूळ रेकॉर्डिंग स्ट्रीमिंगवर आली.

आता धंद्यातली गोष्ट. ती नक्कल इतकी जवळ का गेली? लोकांना वाटतं 'हिस्टेरिया' हा इतका घासूनपुसून बनवलेला अल्बम, २ कोटींच्या वर खपलेला, वर्षानुवर्षं चाललेलं काम, त्याची नक्कल अशक्य असणार. उलट आहे. त्याचा निर्माता मट लँगने तो अल्बम विटेवर वीट रचून बांधला होता. ड्रम म्हणजे बरेचसे फेअरलाइट नावाच्या कॉम्प्युटरमधे भरलेले सॅम्पल, गिटार रॉकमन नावाच्या वॉकमनएवढ्या डबीतून वाजवलेल्या, कुठे कुठे तर एकेक तार वेगळी रेकॉर्ड करून कॉर्ड बनवलेली, मागचे कोरसचे आवाज थरावर थर. जे तुकड्यातुकड्याने बनलंय ते तुकड्यातुकड्याने परत बनवता येतं, वेळ लागतो पण येतं. १९९१ मधे त्यांचा गिटारिस्ट स्टीव्ह क्लार्क वारला, त्याच्या जागी १९९२ ला व्हिव्हियन कॅम्पबेल आला, तरी गिटारचं काम निभावलं. अडलं ते घशाशी. पन्नाशीतल्या माणसाने विशी-पंचविशीतल्या स्वतःची नक्कल करायची, आणि तिथे कुठलं सॉफ्टवेअर कामाला येत नाही.

याच्या उलट चार जण एका खोलीत उभे राहून एका टेकमधे वाजवलेलं गाणं. ड्रमच्या माइकमधे गिटार शिरलीय, गायकाच्या माइकमधे झांजा शिरल्यात, दुसऱ्या कडव्याला सगळे जोशात येऊन थोडे पळालेत. याची नक्कल करायला बसलात की मेलात, कारण तिथे आवाज म्हणजेच ती खोली आणि ती संध्याकाळ. साधे वाटणारे अल्बमच परत करायला सगळ्यात कठीण असतात, आणि तुमचा अल्बम, १९९८, पुणे, बजेट नाही, मला खात्री आहे की या दुसऱ्या जातीचा आहे.

म्हणून पहिला निर्णय असा की नक्कल करायची की नवीन गाणं करायचं. अधलंमधलं करू नका. मी दोनदा आपटलो ते अधल्यामधल्यात. बँड म्हणतो तसंच ठेवू पण साउंड जरा आजचा करू. हे वाक्य स्टुडिओत ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात जुनं रेकॉर्डिंग कोरलेलं असतं, नव्वद टक्के तसंच असलेलं काही कानावर पडलं की तो उरलेल्या दहा टक्क्यांवर बोट ठेवतो. पूर्ण वेगळं ऐकवलं तर तो तुलना सोडून देतो.

पूर्ण वेगळं म्हणजे व्हाइटस्नेक या इंग्लिश रॉक बँडचं बघा. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं आधी १९८२ मधे आलं होतं, ब्लूजच्या अंगाचं, मागे जॉन लॉर्डचा ऑर्गन. १९८७ ला नवीन लोक घेऊन तेच गाणं परत केलं, मोठ्या गिटार, मोठे ड्रम, शब्दही एक बदलला, आणि ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. आज बहुतेक लोकांना पहिलं माहीतच नाही. पण पहिलं तितकं गाजलेलं नव्हतं हे विसरू नका, लोकांच्या डोक्यात जागा रिकामी होती. आपल्याकडे याचं भारी उदाहरण गीतरामायण. १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं तेव्हा वेगवेगळे गायक-गायिका होते, मग बाबूजींनी छप्पन्नच्या छप्पन्न स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली, आणि आज घरात लावतात ती हीच. (माझ्या आजीला मात्र रेडिओवरचे आवाज आठवायचे आणि ती दर रामनवमीला कुरकुर करायची.)

यू-टू या आयरिश बँडने २०२३ मधे स्वतःची ४० गाणी परत केली, बरीचशी हळू, खालच्या पट्टीत, ढोल-ताशा काढून टाकलेली. मला त्यातली निम्मी झोप आणतात पण रस्ता बरोबर होता, साठीतल्या घशाला जे झेपतं ते गायलं. याच्या उलट जेफ लिन, इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रावाला, त्याने २०१२ ला जुनी गाणी जवळजवळ एकट्याने सगळं वाजवून परत केली, कारण त्याला मूळ रेकॉर्डिंगमधे चुका दिसायच्या. त्या चुका आम्हाला कधी ऐकूच आल्या नव्हत्या.

आणि करू नये ते म्हणजे हेवी मेटल गायक ऑझी ऑझबॉर्नचं. त्याचे पहिले दोन सोलो अल्बम २००२ ला परत बाजारात आणताना, मूळ बेसिस्ट आणि ड्रमरशी वाद होता म्हणून त्यांचं वाजवणं पुसून दुसऱ्यांकडून बेस आणि ड्रम वाजवून घेतले, वर रँडी ऱ्होड्सची गिटार तीच, आणि तो तर १९८२ लाच गेलेला. वाजवणारे वाईट नव्हते हो, उत्तम होते. पण गिटार ज्या ड्रमला धरून वाजली होती तो ड्रमच तिथे नाही, त्यामुळे ऐकताना फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकू यावं तसं होतं. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की २०११ ला मूळ ट्रॅक परत आणावे लागले. तुमचं जुनं मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असलेली टेप, सापडलं आणि कोणी म्हणालं की नुसते ड्रम बदलू, तर हे आठवा.

आता तुमच्या कामाचं.

आधी माळा शोधा. १९९८ ला पुण्या-मुंबईच्या छोट्या स्टुडिओत बहुतेक काम एडॅटवर व्हायचं, म्हणजे दिसायला व्हिडिओ कॅसेट, एस-व्हीएचएस, तिच्यावर आठ ट्रॅक, आणि १६ ट्रॅक हवे तर दोन मशीन एकमेकांना जोडून. अशी कॅसेट कोणाच्या घरी असेल तर लगेच मशीनमधे घालू नका, आपल्या हवेत बुरशी धरलेली असते, आणि एकदा टेप हेडला चिकटून चुरगळली की संपलं. साफ करून देणारा माणूस गाठा. मल्टिट्रॅक मिळालं तर परत प्रसिद्ध करता येईलच असं नाही, ते हक्कांवर आहे, पण अभ्यासाला सोनं आहे. नाही मिळालं तर आता स्टेम वेगळे करणारी सॉफ्टवेअर आहेत, तयार मिक्समधून ड्रम, बेस, गळा बऱ्यापैकी वेगळे होतात. ते फक्त ऐकायला वापरा. त्यातला तुकडा नवीन गाण्यात घातलात की तुम्ही जुनं मास्टरच वापरलं, आणि मग या सगळ्या उपद्व्यापाला अर्थ उरत नाही.

मग वेग आणि पट्टी. कॅसेट समोर ठेवून सूर लावू नका, ही चूक मी स्वतः केलीय. कॅसेट डेक एखाद-दोन टक्के पुढेमागे पळतो आणि वेगात दोन टक्के म्हणजे सुरात जवळजवळ ३४ सेंट, अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा. आम्ही एका बँडची गिटार अख्खा दिवस अशी चढवून लावली, गायक बिचारा घसा ताणतोय, आणि संध्याकाळी कोणाकडे तरी मूळ डॅट, म्हणजे डिजिटल टेप, निघाली तर गाणं साधं सरळ चारशेचाळीस हर्ट्झच्या नेहमीच्या सुराला. सीडी किंवा डॅट मिळवा, नाहीतर तीन-चार वेगवेगळ्या डेकवर ऐकून ताळा करा.

वेगाचं असं की मूळ गाणं क्लिकवर, म्हणजे कानात मेट्रोनोम लावून वाजवलेलं, नसणार. ते प्रो टूल्स, रीपर जे काय रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असेल त्यात टाका आणि प्रत्येक बारची, म्हणजे तालाच्या आवर्तनाची, सुरुवात हाताने खुणावत जा, म्हणजे टेम्पो मॅप, वेगाचा नकाशा, तयार होतो. कंटाळवाणं काम आहे, एका गाण्याला दीड-दोन तास जातात, पण तो नकाशा बघितला की तुमचा बँड तुम्हाला नव्याने कळतो. एका गाण्यात कडवं मिनिटाला ११८ ठोक्यांना, ध्रुवपद १२२ ला, आणि सोलोनंतर १२५ पर्यंत गेलेलं मी बघितलंय. हे सगळं १२० वर सपाट केलं की लोक म्हणणार जान गेली, आणि का ते त्यांना सांगता येणार नाही. नक्कल करायची तर क्लिक त्या नकाशावरून वाजवा. ड्रमर न्यू जर्सीतून ट्रॅक पाठवणार असेल तर हाच नकाशा त्याला पाठवा, पण त्याच्याबरोबर निदान बेस आणि एक कच्ची गिटार आणि कच्चा गळा पाठवा, नुसत्या क्लिकवर वाजवलेले ड्रम मेट्रोनोमला उत्तर देतात, माणसाला नाही.

गळा. इथे बहुतेक प्रोजेक्ट बुडतात आणि बँडमधे कोणी बोलत नाही कारण गायक मित्र असतो. पैसे घालायच्या आधी एक दिवस रिहर्सल रूम घ्या, सगळ्यात उंच जाणारं गाणं मूळ पट्टीत तीनदा लागोपाठ गाऊन घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. पहिल्यांदा प्रत्येकालाच जमतं, तिसऱ्याला काय होतं ते ऐका. नाही पोचत असेल तर गिटार अर्धा स्वर उतरवून लावा, मोठमोठे बँड स्टेजवर हेच करतात, त्यात लाज काय. फक्त पट्टी उतरवताना मोकळ्या तारांवरची कॉर्ड मोकळ्या तारांवरच राहू द्या, म्हणजे तारा सैल करा, कॉर्डचे आकार बदलू नका, नाहीतर गिटारची खणखण जाते. गायकाला सकाळी ११ ला उभं करू नका. एका बँडच्या गायकाचा, तेव्हा तो ५१ चा होता, चांगला आवाज फक्त संध्याकाळी सहा ते साडेसात यायचा, आधी घोगरा, नंतर थकलेला, तर आम्ही पाच संध्याकाळी रोज एकच गाणं घेतलं. तेच एक काम माझं तीनातलं जमलेलं.

त्या कामातली एक गोष्ट सांगतो. त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी, सगळं थांबतं तिथे, एक बारीक खट् असा आवाज आहे. ड्रमर म्हणाला माझा रिमशॉट, म्हणजे ड्रमच्या कडेवर मारलेली काठी, आम्ही तो वाजवला, जुळेना. काठी बदलली, स्नेअर बदलला, दोन तास गेले. शेवटी नाद सोडला आणि मिक्स करून टाकलं. बँड खूष. मग गायकाच्या बायकोला घरी ऐकवलं, तिने डोळे मिटून ऐकलं, आणि ती जागा आली तशी म्हणाली, अरे तो खट् कुठे गेला? तिला बाकी काहीच वेगळं वाटलं नव्हतं. परत मूळ गाणं उघडून नुसती ती अर्धी सेकंद हेडफोनवर मोठी करून ऐकली तेव्हा गिटारिस्टला पटली ओळख, सोलोच्या तयारीला त्याने डिस्टॉर्शनचं पेडल पायाने दाबलं होतं, त्या पत्र्याच्या बटणाचा तो आवाज, गायकाच्या माइकमधे गेलेला. मग काय, पेडल फरशीवर ठेवलं, माइक गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि पन्नाशीच्या माणसाने बूट घालून अकरा वेळा बटण दाबलं. सातवा टेक घेतला.

तेव्हा नक्कल करणार असाल तर एक यादी करा, पण स्वतः करू नका. ज्यांनी ती कॅसेट झिजवली अशा चार-पाच जणांना बसवा आणि कुठली जागा आली की ते हात हलवतात, तोंडाने आवाज काढतात ते लिहून घ्या. बँडला स्वतःच्या गाण्यात काय लाडकं आहे ते बँडला माहीत नसतं.

आता कागद, हे खरं तर सगळ्यात आधी करायचं. मी वकील नाही, कॉपीराइट जाणणारा वकील गाठा, एका बैठकीचे पैसे वसूल होतात. त्याला विचारायचं ते असं. एक, तेव्हा स्टुडिओचे पैसे कोणी भरले? रेकॉर्डिंग करायचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याची तो कायद्याने निर्माता, आणि मास्टर निर्मात्याचं. तुम्ही स्वतः पैसे भरून तयार डॅट कंपनीला विकायला दिली असेल तर कदाचित मास्टर तुमचंच आहे आणि परत रेकॉर्ड करायची गरजच नाही. मी असं एकदा झालेलं बघितलंय, लोकांनी वीस वर्षं कंपनीला शिव्या घातल्या आणि करारात लिहिलेलं होतं पाच वर्षांचा परवाना. दोन, तुम्ही मास्टर दिलं की शब्द आणि चालसुद्धा लिहून दिली? आपल्याकडे त्या काळच्या करारात हे सगळं एकाच परिच्छेदात कोंबलेलं असायचं. चालही दिली असेल तर नुसतं परत वाजवून सुटका नाही. पण करारात मुदतच लिहिली नसेल तर भारतीय कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणून कागद नीट वाचून घ्या. तीन, परत रेकॉर्ड करायला बंदी आहे का आणि किती वर्षं. परदेशी करारात हे कलम असतंच, साधारण काही वर्षांचं, आणि स्विफ्ट प्रकरणानंतर कंपन्या ते लांबवायला लागल्यात. तुमच्या कागदावर असलं तरी आत्तापर्यंत बहुधा संपलं असेल.

आणि कायद्यात कव्हर व्हर्जनचं कलमही आहे, म्हणजे हक्क दुसऱ्याकडे असलेलं गाणं नव्याने रेकॉर्ड करायचं, मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यानंतर पाच वर्षांनी, नोटीस देऊन आणि आगाऊ रॉयल्टी भरून. टी-सिरीजने ८० च्या दशकात जुन्या सिनेमांची गाणी नवीन गायकांकडून गाऊन घेऊन कॅसेटी खपवल्या त्या कायद्यातल्या अशाच सवलतीवर. पण तो रस्ता शेवटचा ठेवा, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आधी भरायची असते, स्वतःच्याच गाण्यासाठी.

प्रसिद्ध करताना नवीन रेकॉर्डिंगला नवीन आयएसआरसी नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, घ्या, नावापुढे नवीन रेकॉर्डिंग आहे असं काहीतरी स्पष्ट लिहा, जुनं कव्हर वापरू नका. नक्कल फार छान जमली तर यूट्यूबची यंत्रणा तुमच्यावरच कॉपीराइटचा क्लेम टाकेल, घाबरू नका, करार आणि सेशनच्या फाइल जपून ठेवा, उत्तर देता येतं.

मला विचाराल तर सहाच्या सहा नका करू. एक गाणं नक्कल करून बघा, ज्यात गळा खाली आहे असं, आणि एक पूर्ण मोडून नवीन, तुम्ही आत्ता रिहर्सलला सहज जसं वाजवता तसं. दोन्ही त्या कॅसेट झिजवणाऱ्या लोकांना ऐकवा. पण कागद वाचून होईपर्यंत ड्रमरला तिकीट काढायला सांगू नका.